दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या दिवाकर जगदाळेला शिसारी आली ती वासाची. रेकॉर्डचं दुकान म्हटल्यावर पुठ्ठ्याचा वास यावा, धुळीचा यावा, एखाद्या कोपऱ्यात मेलेल्या झुरळाचाही यायला हरकत नाही. इथे दालचिनीचा येत होता. इंदूरच्या भंवरकुआंला एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, अर्ध्या जागेत कॉफी आणि अर्ध्या जागेत रेकॉर्डी असा हा कारभार होता. खाली शे-दोनशे पोरं परीक्षेचं घोकत होती आणि वर दहा-बारा जण कॉफीच्या फेसावर काढलेल्या पानाचे फोटो काढत होते. एकाच्याही हातात रेकॉर्ड नव्हती.

दिवाकर चोपन्न वर्षांचा. पोलोग्राउंडच्या एका पंपाच्या कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख. तीस वर्षं त्याचं काम एकच, तयार मालात खोट शोधायची आणि लाल रंगाचा ठिपका लावून माल परत पाठवायचा. काम संपल्यावर ठिपक्याची डबी कारखान्यात राहायची, नजर मात्र घरी यायची. भाजीत, शेजाऱ्यांत, टीव्हीवरच्या बातम्यांत, सगळीकडे त्याला खोट दिसे आणि दिसली की किळस येई. त्याची बायको विनीता म्हणायची, "ह्यांना स्वर्गात जरी पाठवलं ना, तरी दारात उभे राहून आधी बिजागऱ्या बघतील."

पण आज तो खोट शोधायला आला नव्हता. सात वर्षांपूर्वी हातचं गेलेलं एक गाणं परत मिळवायला आला होता.

गाणं होतं 'रस्ट क्राउन' नावाच्या इंग्रजी बँडच्या 'द लास्ट फर्नेस' ह्या अल्बममधलं. हेवी मेटल म्हटलं की लोक कानांवर हात ठेवतात, त्या जातीचं. एकोणीसशे एकोणनव्वद साली, अठराव्या वर्षी, दिवाकरने परदेशीपुऱ्यातल्या वासुदेवच्या दुकानातून ते कॅसेटवर भरून आणलं. तेव्हाची रीतच ती. दुकानदाराकडे कुणीतरी परदेशातून आणलेला एकच तवा, म्हणजे रेकॉर्ड, असायचा, आपण साठ मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली न्यायची. गाण्यांची नावंबिवं कोणी लिहून देत नसे. दिवाकरने ती आकड्यांनीच ओळखली. पहिल्या बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार. आणि ह्या सातांतलं सातवं म्हणजे त्याचा जीव की प्राण.

त्या गाण्याला शब्द नव्हते. नुसती एक गिटार होती. तीही आधीच्या सहा गाण्यांत ऐकू येते तशी नव्हे, तर तार आता तुटते की मग तुटते अशी कर्कश, चिरकी, खुळ्या माणसाच्या हट्टाने वर वर चढत जाणारी. खाली एक जड, किंचित चुकणारा ठोका. चार मिनिटं हे चालायचं आणि अगदी टोकाला पोचलं असं वाटतानाच खटकन बंद. शेवट नाहीच. दिवाकर मित्रांना सांगायचा, "असं मध्येच थांबायला छाती लागते, भिया. हे आपल्या इकडच्या लोकांना सात जन्मांत जमणार नाही."

ह्या गाण्याने त्याला एकदा तारलंही होतं. एक्क्याण्णव साली त्याची मोठी बहीण शशिकला घरातून गेली आणि आर्य समाजात लग्न करून मोकळी झाली. कोणाशी, तर पांडुरंगशी. आणि पांडुरंग काय करायचा, तर वरातीत बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली तारांची पेटी. ती गळ्यात अडकवून, हातगाडीवर कर्णे लावून, ढोलांच्या गराड्यात वाजवत जायचं. जगदाळ्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. ते घोड्यावर बसायचे आणि हा प्राणी घोड्यापुढे वाजवत चालायचा. वीस वर्षांच्या दिवाकरला एवढी किळस आली की त्याने खोलीचं दार लावलं, सातवं गाणं लावलं आणि दिवेलागणीपर्यंत पुन्हा पुन्हा तेच ऐकत बसला. त्या गिटारीने त्याच्या डोक्यातला बेंजो बुडवून टाकला.

त्यानंतर त्याने पांडुरंगला कधी भाऊजी म्हटलं नाही. राखीला ताईकडे जायचा, उंबऱ्याच्या आत खुर्चीच्या कडेला बसायचा, हात पुढे करायचा आणि उठायचा. त्या घरचं पाणीही त्याने घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी पांडुरंग गेला, तेव्हा त्याच्या बँड-पार्टीवाल्यांनी तिरडीपुढेही बेंजो वाजवला. दिवाकर कोपऱ्यावरूनच परत फिरला. मेल्यावरही हा तमाशा, असं तो विनीताला म्हणाला आणि त्या रात्री नीट जेवला.

कॅसेटचं मात्र असं झालं की सात वर्षांपूर्वी ती टेपमध्ये अडकली आणि पट्टीचा गुंता झाला. दिवाकरने दोन दिवस पेन्सिल घालून खटपट केली. मग डोकं फिरलं. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली तेव्हा त्याने कॅसेट नेऊन टाकून दिली. टाकतानाही नियमाने, ओल्यात नाही, सुक्यात. इंदूरचा माणूस ह्यात चुकत नाही. मनात म्हणाला, नक्कलच ती, मूळ चीज जगात कुठेतरी असणारच. मुलाने, रजतने, मोबाईलवर तो अल्बम शोधून दिला तर त्यात सहाच गाणी. मोबाईलवर सगळं अर्धमुर्धंच असतं, हे दिवाकरचं जुनंच मत होतं. ते पक्कं झालं.

आणि आता पंचेचाळीस वर्षांनी तोच अल्बम नव्याने तव्यावर निघाला होता. जाहिरातीत लिहिलं होतं, मूळ ध्वनिफितीवरून, संपूर्ण, एक सेकंदही न कापता. दिवाकरने ते वाक्य चार वेळा वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी भंवरकुआंच्या ह्या दालचिनी दुकानात नाव नोंदवलं.

दुकानाचा मालक मानस, वय सव्वीस. केसांचा डोक्यावर अंबाडा, अंगात 'रस्ट क्राउन'चा कवटीवाला टी-शर्ट.

"या काका, तुमचीच वाट बघत होतो. पूर्ण इंदूरमध्ये फक्त तीन पीस आलेत. एकदम लिमिटेड."

"तू ऐकलायस हा अल्बम?" दिवाकरने टी-शर्टाकडे बोट दाखवून विचारलं.

"ऐकला मतलब, थोडा थोडा. वाइब भारी आहे काका."

दिवाकरच्या तोंडात कडू आलं. त्याने खोका पुढे ओढला. आत तवा होता, पण काळा नव्हता. लाल होता, खाटकाच्या ओट्यासारखा लाल. त्याच्याबरोबर एक पोस्टर, चार स्टिकर आणि बोटभर काचेची नळी. नळीत करडी भुकटी.

"हे काय?"

"राख आहे काका. अल्बमचं नाव फर्नेस आहे ना, तर कंपनीने थोडी थोडी राख दिली आहे. कलेक्टर्स आयटम."

"कसली राख?"

मानसने नळी उलटीपालटी करून पाहिली. "ते नाही लिहिलेलं."

साडेचार हजार रुपये देऊन कुणा अनोळखी भट्टीची राख घरी न्यायची, ह्या विचाराने दिवाकरला मळमळलं. त्यातच मानसने मोबाईल रोखला आणि म्हणाला, "काका, एक छोटा व्हिडिओ काढू? तुम्ही खोका खोलून राहिले असं. तुमच्या एजचे लोक मेटल घेतात, लोकांना क्यूट वाटतं."

क्यूट! दिवाकरने त्याच्याकडे असं पाहिलं की मोबाईल आपोआप खाली गेला. मग त्याने सवयीने तवा दिव्याखाली तिरका धरला. दुसऱ्या बाजूला कडेशी कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा होता, सरळ सरळ लाल ठिपक्याचा माल. त्याने रुमालाने तो पुसला आणि तवा परत घातला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने खोट दिसूनही माल पास केला, कारण सातवं गाणं आत होतं.

घरी विनीताने नळी पाहिली आणि दारातच अडवलं. "राख आणली? घरात? डोकं ठिकाणावर आहे ना?" नळी बाहेर चपलांच्या स्टँडवर गेली. दिवाकरला ते पटलं. आयुष्यात ह्या दोघांचं एवढ्या चटकन एकमत क्वचितच झालं असेल.

रविवारची दुपार होती. रजतने वाढदिवसाला दिलेल्या प्लेयरवर दिवाकरने तवा ठेवला, खिडक्या लावल्या, विनीताला अर्धा तास मिक्सर न लावण्याची विनंती केली आणि दुसरीच बाजू लावली. चौथं गाणं सुरू झालं नि त्याच्या कपाळाला आठी पडली. आवाज धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. कॅसेटवर जो धूर होता, जी खरखर होती, ती पार गेलेली. पाचवं तसंच. सहावं तर इतकं गुळगुळीत की दाढीच्या दुकानात लावावं. ह्या नव्या लोकांना मळाचीही अक्कल नाही, असं पुटपुटत तो तग धरून बसला. सहावं संपलं. दिवाकर पुढे सरकला. हात गुडघ्यांवर ठेवले.

सुई खर्र खर्र करत मधल्या गोल कागदाकडे गेली आणि तिथेच फिरत राहिली.

त्याला वाटलं, गाण्याआधी शांतता ठेवली असेल. मग वाटलं, बाजू चुकली. त्याने तवा उलटला, पहिली बाजू पूर्ण ऐकली. तीन गाणी. पुन्हा उलटला. भिंग आणून रेघा मोजल्या. तीन आणि तीन, सहा. विनीता चहा घेऊन आली तेव्हा तो जमिनीवर बसून तव्याच्या कडेकडे बघत होता.

"कापलं," तो म्हणाला. "हरामखोरांनी सातवं कापलं."

सोमवारी कामावरून सुटल्यावर तो खोका बगलेत मारून थेट भंवरकुआंला गेला.

"काका, सहाच गाणी आहेत," मानस म्हणाला. "हे बघा, ऐंशी सालच्या पहिल्या प्लेटचा फोटो. सिक्स. जपानवाली पण सिक्स. जर्मनीवाली पण सिक्स."

"मी एकोणतीस वर्षं सातवं ऐकलंय."

"नाव काय त्याचं?"

नाव त्याला ठाऊकच नव्हतं. मग त्याने, चार कॉफीवाल्यांच्या देखत, ते गाणं तोंडाने वाजवून दाखवलं. काउंटरवर बोटांनी ठोका धरला, वर वर जाणारी ती गिटार दातांतून काढली आणि जिथे ते थांबायचं तिथे खटकन थांबला. कोपऱ्यातली एक मुलगी हसू दाबत होती. मानस मात्र हसला नाही. त्याने डोकं खाजवलं.

"काका, बुरा मत मानना, पण हा सूर इंग्रजी वाटत नाही. हे तर आपल्या इकडचं काहीतरी आहे. कॅसेट कुठून भरली होती?"

आपल्या इकडचं! दिवाकरच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या अंबाड्याला काय कळतं! खोका तिथेच आपटून यावं असं त्याला वाटलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. भरून देणारा वासुदेव अजून जिवंत होता. त्याच्याकडे तो तवा असेल. तो दाखवील सातवं गाणं. मग ह्या कंपनीला असं पत्र लिहीन की ज्याचं नाव ते.

परदेशीपुऱ्यात वासुदेवचं दुकान होतं तिथेच होतं, फक्त आता तिथे मोबाईलची कव्हरं टांगली होती. वासुदेव सत्तरीचा झाला होता. त्याने दिवाकरला ओळखलं, स्टूल पुढे केलं आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. ऐकता ऐकता त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"सातवं?" तो म्हणाला. "अरे भिया, प्लेटवर सहाच होते."

"मग माझ्या कॅसेटवर?"

"आता बघ. तुझी टेप साठ मिनिटांची, प्लेट छप्पनची. दुसऱ्या साइडला चार मिनिट खाली राहायची. खाली सोडली की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक लढायला हाजिर, की पूर्ण भरली नाही. म्हणून मी खाली सोडतच नव्हतो. कोणाला भजन भरून दिलं, कोणाला कव्वाली. पण तुझ्या त्या दणदण्याच्या मागे भजन कसं लावू? शोभायला नको? त्या जातीचं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं."

"मग काय लावलंस?"

"पांडू बसला होता इथे. त्याचा ॲम्प्लिफायर रिपेअरला आला होता, आवाज फाटून राहिला होता. म्हटलं, पांडू, चार मिनिट असंच काहीतरी वाजव रे, ह्या पोराची टेप भरू दे. मला वाटलं, वाजवील काहीतरी टंगळमंगळ. पण त्याने काय केलं, आधी तुझी ती पूर्ण प्लेट दोनदा ऐकली. डोळे मिटून. मग फाटक्या ॲम्प्लिफायरला बेंजो लावला आणि वाजवलं. मी काउंटर बडवत होतो. मला कुठे ताल येतो, चुकत होतो, तर तो डोळ्यांनी दटावत होता."

तो चुकणारा ठोका. एकोणतीस वर्षं दिवाकर लोकांना सांगत आला होता की ह्या ड्रमवाल्यासारखा ड्रमवाला नाही, मुद्दाम पाव मात्रा मागे राहतो.

"आणि ते मध्येच खटकन थांबतं ते?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"टेप संपली," वासुदेव म्हणाला. "पांडू तर पुढे बराच वेळ वाजवत होता." मग तो जरा वाकून बघायला लागला. "तुला माहीत नव्हतं? अरे, तुझाच जिजाजी ना तो नंतर! मला वाटलं, घरात हसत असाल तुम्ही सगळे ह्या गोष्टीवर."

दिवाकर उठला. बाहेर नाल्याचा वास येत होता, समोर कुणीतरी शिळ्या तेलात कचोऱ्या तळत होतं, आणि ह्या सगळ्यापेक्षा घाण त्याला स्वतःच्या तोंडाची येत होती, ज्या तोंडाने तो एवढी वर्षं बोलत आला होता. ज्या दिवशी त्याने बेंजोवाल्याचा आवाज बुडवायला दार लावून घेतलं, त्या दिवशी तो दिवसभर बेंजोवाल्यालाच ऐकत होता. ज्याच्या हाताची गोष्ट त्याने जगातली सर्वांत मोठी मानली, त्याच्या हातचं पाणी त्याने घेतलं नाही. त्याच्या तिरडीवरून तो परत फिरला होता आणि नीट जेवला होता.

ताईचं घर दोन गल्ल्या पुढे होतं. दार उघडंच होतं. शशिकला जमिनीवर बसून एका साडीला फॉल लावत होती. पांडुरंग गेल्यापासून ती हेच काम करायची. राखी नसताना भाऊ दारात बघून तिने चष्मा वर केला.

"दिवाकर? सगळं ठीक आहे ना? विनीता?"

"ठीक आहे."

"बस मग. पाणी विचारत नाही, तू घेत नाहीस."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. साखर किती घेतोस, ह्या सुरात म्हटलं होतं. दिवाकर खुर्चीवर न बसता खाली बसला आणि खोका बाजूला ठेवला.

"वासुदेवकडून आलो."

सुई थांबली. "सांगितलं त्याने?"

"तुला केव्हापासून माहीत?"

"लग्नाच्या आधीपासून," ती म्हणाली. "तू दार लावून वाजवायचा आणि मी बाहेर पोळ्या लाटायची. एकदा ह्यांना म्हटलं, माझा भाऊ एक इंग्रजी गाणं पागलसारखा ऐकतो, शेवटी खटकन तुटतं. तर हे हसायलाच लागले. मग सांगितलं सगळं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते त्याला. तर म्हणाले, नको गं, नको सांगू. कळलं तर ऐकणं सोडून देईल."

दिवाकरने खोका आणखी मागे सरकवला.

"आणि मी गेले त्या दिवशी तू सकाळपासून तेच लावून बसला होतास, आईने सांगितलं मला नंतर. आमच्या लग्नात ना बँड ना बाजा, दोन हार आणि चार साक्षीदार. ह्यांना सांगितलं तर खूश झाले एकदम. म्हणाले, चला, घरचं कोणीतरी आपल्या लग्नात वाजवलं."

ती हे सांगताना हसत होती. दिवाकरला हसता आलं नाही आणि रडायचा आपल्याला हक्क आहे असंही वाटलं नाही.

"बरं झालं आज कळलं तुला," शशिकला म्हणाली. तिने साडी बाजूला सारली, चष्मा काढून पदराला पुसला. "मला किती दिवसांपासून एक मागायचं होतं तुझ्याकडे, पण कसं मागणार? ती कॅसेट एकदा घेऊन ये ना रे. ह्यांनी पस्तीस वर्षं वाजवलं, पण लोकांच्या वरातीत. तिथे सगळे नाचणाऱ्यांचे व्हिडिओ काढतात, वाजवणाऱ्याला कोण घेतं? पार्टीवाल्यांना विचारलं, सगळीकडे विचारलं. ह्यांच्या हातचा एक सूर नाही माझ्याकडे. तुझ्याकडे आहे तेवढाच. आणि तुझं सगळं पहिल्यापासून जागच्या जागी असतं, तू ठेवलीच असशील."

हरवली म्हणावं. कुणी नेली म्हणावं. रजतने लहानपणी मोडली म्हणावं. तिन्ही दिवाकरच्या मनात आली आणि तिन्हींची त्याला किळस आली.

"टाकली," तो म्हणाला. "सात वर्षं झाली. कचरागाडीत."

तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"टेपमध्ये अडकली होती, ताई. पट्टीचा गुंता झाला होता. सुटेना. मी विचार केला की मूळ मिळेलच कुठेतरी..." वाक्य पुढे गेलं नाही. मूळ म्हणजे हाच माणूस होता, आणि सात वर्षांपूर्वी तो दोन गल्ल्यांवर जिवंत होता, दार उघडं टाकून बसलेला.

शशिकलाने साडी पुन्हा मांडीवर घेतली. फॉलचा दोरा कुठेतरी गुंतला होता. तो तिने नखाने हळूहळू मोकळा केला. तुटू दिला नाही.

"मला आणून दिली असती," ती म्हणाली. "मी सोडवली असती."

बाहेरून एक रिक्षा गेली.

"ताई, पाणी दे."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या घरात पाणी मागितलं. शशिकलाने मान वर केली नाही. सुई साडीत घातली, ओढली, पुन्हा घातली.

"माठ आत आहे," ती म्हणाली. "घे आपल्या हाताने."

तो उठून आत गेला. माठाच्या वरच्या फळीवर जुन्या चादरीत नीट बांधून ठेवलेली एक लांबट पेटी होती. दिवाकरने पेला भरला. अर्धं पाणी बाहीवर सांडलं. उरलेलं त्याने तिथेच, त्या पेटीखाली उभ्या उभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं, पेला विसळला आणि पालथा घातला.